मारव्याचा षड्ज, तानपुऱ्याचा षड्ज: संगीत-संगणनाच्या एका अर्जाचा प्रकरण अभ्यास

अर्जदाराची शिदोरी अशी: संगणक अभियांत्रिकीची चार वर्षांची पदवी, अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाची विशारद पूर्ण, दहा-बारा वर्षांची गायनाची तालीम आणि पुण्यातल्या एका सॉफ्टवेअर कंपनीत दोन वर्षांची नोकरी. संगीत आणि संगणन यांच्या सीमेवर संशोधन करायचे, आधी पदव्युत्तर शिक्षण आणि पुढे पीएचडी, असा बेत. हा अर्जदार म्हणजे कोणी एक व्यक्ती नव्हे. अशा अर्जांत पुन्हा पुन्हा दिसणाऱ्या गोष्टी एकत्र करून हे प्रकरण मांडले आहे. म्हणून यात कुठलाही 'निष्कर्षाचा आकडा' नाही. जे आकडे आहेत ते पद्धतीचे आणि हिशेबाचे.

पहिली फेरी

पहिल्या वर्षी अर्जासोबत गेला तो प्रकल्प 'कृत्रिम बुद्धिमत्तेने रागओळख'. दहा राग, यूट्यूबवरून उतरवलेल्या मैफली, त्यांचे ३० सेकंदांचे तुकडे, तुकड्यांची मेल-स्पेक्ट्रोग्राम चित्रे (कोणत्या क्षणी कोणती वारंवारता किती जोरात ते दाखवणारी) आणि त्यांवर शिकवलेले कन्व्होल्यूशनल जाळे (चित्रांतले आकृतिबंध ओळखणारे न्यूरल नेटवर्क). अहवालाच्या पहिल्याच ओळीत अचूकता ९६ टक्के. अर्ज पाच ठिकाणी, नकारही पाच. एका ठिकाणी गाडी मुलाखतीपर्यंत पोहोचली आणि दुसऱ्याच प्रश्नाला अडली: तुकडे आधी पाडले, की शिकवण्याचा आणि तपासणीचा गट आधी वेगळा केला?

तुकडे आधी पाडले होते. ४० मिनिटांच्या एका मैफलीचे ३० सेकंदांचे ८० तुकडे होतात. सगळे तुकडे पिसून ८०-२० अशी वाटणी केली की त्याच मैफलीचे सुमारे ६४ तुकडे शिकवण्यात जातात आणि १६ तपासणीत. मग जाळ्याला राग ओळखण्याची गरजच उरत नाही. तोच गळा, तीच पट्टी, तोच माइक, त्याच सभागृहाचा घुमारा आणि तीच टेपची खरखर ओळखली की पुरे. या क्षेत्रात ही चूक इतकी जुनी आहे की परीक्षक ९६ हा आकडा वाचताच वाटणी कशी केली ते शोधायला लागतात. उपाय अवघड नाही. वाटणी गायकानुसार करायची, म्हणजे एका गायकाचे सगळे तुकडे एकाच बाजूला राहतील. सायकिट-लर्न या पायथनच्या संचात त्यासाठी 'ग्रुप-के-फोल्ड' तयार मिळते. अशी वाटणी केल्यावर आकडा घसरतो. घसरलेला आकडा लपवू नये, अहवालात तोच आधी द्यावा.

दुसरी गळती पट्टीची. काळी एक, काळी चार म्हणजे पेटीच्या काळ्या पट्ट्यांवरून ठरणारे षड्ज. संचातले मारव्याचे सगळे नमुने काळी एकमधले पुरुष गायकांचे आणि बागेश्रीचे सगळे काळी चारमधल्या गायिकांचे असतील, तर जाळे राग न शिकता स्वरांची उंची शिकते. हे घरच्या घरी तपासता येते: तपासणीचे तुकडे सरळ दोन अर्धस्वर वर सरकवा आणि अचूकता पुन्हा मोजा. राग तोच राहिला असताना आकडा कोसळला, तर काय शिकले गेले ते उघड आहे.

या दोन चुका दुरुस्त केल्या तरी अर्ज मजबूत झाला नसता, कारण 'रागओळख' हा प्रश्नच नाही, तो एक विभाग आहे. त्यावर दोन दशके काम झाले आहे आणि ते करणाऱ्यांपैकी काही जण नेमके निवड समितीत बसलेले असतात.

आधी काय झाले आहे, ते वाचून

महाराष्ट्रात स्वर मोजण्याची हौस संगणकापेक्षा जुनी आहे. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी १९१० च्या सुमारास श्रुतींची मोजमापे मांडली. पुढे मुंबईत एनसीपीएमध्ये (नॅशनल सेंटर फॉर द परफॉर्मिंग आर्ट्स) सुवर्णलता राव आणि विम व्हान डर मेर यांनी 'ऑट्रिम' प्रकल्पात रागसंगीताच्या स्वररेषा, म्हणजे स्वराची उंची क्षणाक्षणाला कशी बदलते त्याचे आलेख, पडद्यावर आणल्या. आयआयटी मुंबईच्या विद्युत अभियांत्रिकी विभागात प्रीती राव यांच्या प्रयोगशाळेने हिंदुस्थानी गायनातली स्वररेषा, वाक्यांश आणि समप्रकृतिक राग (स्वर तेच, चलन वेगळे) यांवर सातत्याने काम केले. भूप-देशकार, पूरिया-मारवा, मुलतानी-तोडी अशा जोड्यांची तुलना त्यात आहे. बार्सिलोनाच्या पोम्पेउ फाब्रा विद्यापीठात झेवियर सेरा यांच्या नेतृत्वाखाली २०११ ते २०१७ या काळात 'कॉम्पम्युझिक' प्रकल्प चालला. त्यात हिंदुस्थानी, कर्नाटक, तुर्की मकाम, बीजिंग ऑपेरा आणि अरब-अंदालुसी अशा पाच परंपरा होत्या. 'सरगा' हा खुला संच त्यातूनच पुढे आला: हिंदुस्थानीची १०८ आणि कर्नाटकची २४९ ध्वनिमुद्रणे, सोबत षड्ज, स्वररेषा आणि विभागांच्या नोंदी.

एवढे वाचायला नोकरी सांभाळून तीन महिने लागले. संगीत-संगणनाच्या 'इस्मिर' परिषदेचे सगळे निबंध विनामूल्य उघडे आहेत, त्यामुळे पैशांची सबब चालत नाही. वाचण्याची पद्धत साधी ठेवली. प्रत्येक निबंधासाठी वहीत चार ओळी लिहायच्या: प्रश्न काय, सामग्री किती आणि कोणाची, काय मोजले, लेखकांनीच मान्य केलेली उणीव कोणती. चौथी ओळ सर्वांत कामाची. नवे प्रश्न तिथेच पडलेले असतात.

तालमीतला प्रश्न

मारवा आणि पूरिया यांचे स्वर तेच: कोमल ऋषभ, तीव्र मध्यम, पंचम वर्ज्य, बाकी शुद्ध. मारव्यात ऋषभ-धैवताचे राज्य, पूरियात गंधार-निषादाचे. मारवा शिकवताना गुरू आणखी एक गोष्ट हटकून सांगतात: षड्जावर लवकर येऊ नको, आलास तरी बसू नको. षड्ज लांबवल्यामुळे येणारी हुरहुर हाच मारव्याचा जीव. पण पूरियातही 'नि रे ग' म्हणताना षड्ज ओलांडूनच जायचे असते. मग फरक किती? आलापात षड्जावरचा ठहराव मारव्यात पूरियापेक्षा खरोखर कमी असतो का, आणि असेल तर तो ठहरावांच्या संख्येत कमी असतो की प्रत्येक ठहरावाच्या लांबीत?

हा प्रश्न लहान आहे, मोजता येतो, आणि उत्तर कुठल्याही बाजूने गेले तरी सांगण्यासारखे काही उरते. विचारणाऱ्याची तालीम त्यात दिसते. 'दहा राग, ९६ टक्के' मध्ये विशारदचा कुठेच उपयोग झाला नव्हता.

ध्वनिमुद्रण

तयार संचांत या दोन रागांची मुद्रणे मोजकी, आणि बहुतेकांत हार्मोनियम किंवा सारंगी गळ्याच्या मागोमाग चालते. म्हणून नवे मुद्रण करायचे ठरले. पहिला बेत चार गायकांचा होता. तो सहावर का गेला, ते पुढे हिशेबात येईल. सहा गायक, दोन राग, प्रत्येक रागाचे दोन आलाप, प्रत्येक आलाप सुमारे चार मिनिटांचा: एकूण २४ मुद्रणे, ९६ मिनिटे. तबला नाही, पेटी नाही, बंदिश नाही. तिघांनी मारवा आधी गायचा, तिघांनी पूरिया आधी, आणि मध्ये किमान अर्धा तास विश्रांती. नाहीतर पहिल्या रागाची छाया दुसऱ्यावर पडते.

गायकांना सांगितले ते एवढेच, की स्वरांवरचा वेळ मोजला जाणार आहे. षड्जाचे नाव काढले नाही. ते काढले असते तर मारवा गाताना प्रत्येकाने षड्ज नको तितका टाळला असता. मुद्रण संपल्यावर मात्र सगळे उघड करून सांगितले. संमतिपत्र मराठीत होते: मुद्रण कशासाठी वापरणार, मूळ ध्वनी कोणाला ऐकता येणार, नाव द्यायचे की नाही, केव्हाही माघार घेता येईल का, मानधन किती. ध्वनी खुला करण्याची परवानगी आणि फक्त स्वररेषेचे आकडे खुले करण्याची परवानगी या दोन वेगळ्या चौकटी ठेवल्या. ही खबरदारी पुढे कामाला आली, कारण आकडे द्यायला गायक सहज तयार होतात, आवाज द्यायला होतातच असे नाही.

माइक कार्डिऑइड (समोरचा आवाज जास्त पकडणारा), तोंडापासून १५ ते २० सेंटिमीटर आणि किंचित बाजूला. ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट. सर्वांत मोठा आवाज कमाल पातळीच्या किमान ६ डेसिबल खाली. तानपुरा बंद हेडफोनमधून, एकाच कानाला. दुसरा कान मोकळा ठेवला नाही तर बहुतेक गायक सुराला अवघडतात आणि आवाज चढवतात. गायकाला ३० सेकंद गप्प बसवून मुद्रण करायचे; हेडफोनमधून झिरपलेला तानपुरा गाण्याच्या पातळीपेक्षा ३५-४० डेसिबल तरी खाली हवा. नसेल तर हेडफोन बदला. 'नंतर सॉफ्टवेअरने काढू' असे म्हणून पुढे जाऊ नका.

मोजमाप कुठे फसले

सरावासाठी अर्जदाराने आधी मैफलीची जुनी मुद्रणे घेतली होती आणि तिथे विचित्र उत्तर आले: मारव्यात षड्ज भरपूर. गुरूचे सांगणे खोटे ठरले असे वाटावे, इतका.

दोष तानपुऱ्यात होता. पंचम वर्ज्य असल्याने मारव्याला पहिली तार बहुधा निषादाला लावतात; उरलेल्या जोडाच्या दोन आणि खर्जाची एक. म्हणजे चारपैकी तीन तारा षड्जाच्या. गायक श्वास घ्यायला थांबला की स्वररेषा काढणाऱ्या प्रोग्रॅमला गळा सापडत नाही, पण एक स्पष्ट, नियमित, खणखणीत स्वर सापडतो. तो षड्ज. प्रोग्रॅम इमानदारीने तो नोंदवतो. चार मिनिटांच्या आलापात समजा ६० सेकंद विराम आहेत आणि त्यांतले निम्मे असे भरले गेले, तर ३० सेकंदांचा षड्ज फुकट जमा होतो. गायकाने लावलेला खरा षड्ज १५ सेकंदांचा असेल, तर मोजणीत तो ४५ होतो. त्यातही मारवा संथ, विराम लांब. म्हणजे जिथे षड्ज कमी अपेक्षित तिथेच खोटा षड्ज जास्त. मोजायचे होते तेच नेमके दूषित झाले.

खर्जामुळे यात आणखी भर पडते. काळी एकच्या गायकाचा मध्य षड्ज १३८.६ हर्ट्झ, खर्ज ६९.३. गळा एवढ्या खाली जात नाही म्हणून खालची मर्यादा ८० हर्ट्झ ठेवली की खर्ज मर्यादेबाहेर जातो, पण नाहीसा होत नाही. त्याचे वरचे अंश १३८.६ वर जमतात आणि प्रोग्रॅम त्याला मध्य षड्ज म्हणतो.

यावरची तपासणी पाच मिनिटांची आहे आणि ती न करता कोणीही आलापाचे आकडे छापू नयेत. नुसत्या तानपुऱ्याची ६० सेकंदांची फाइल त्याच प्रोग्रॅमला, त्याच मर्यादांसह द्या. उत्तर 'गळा नाही' असे यायला हवे. षड्ज आला, तर पुढचे सगळे आकडे संशयास्पद. क्रेपसारखे प्रोग्रॅम प्रत्येक क्षणाला स्वर आणि विश्वासाचा गुण देतात. तानपुऱ्यावर तो गुणही चढा येतो, त्यामुळे नुसती उंबरठ्याची संख्या वाढवून सुटका होत नाही. गळा वेगळा काढणारी स्प्लीटर, डेमक्ससारखी साधने मुख्यतः पाश्चात्त्य लोकप्रिय गाण्यांवर शिकलेली आहेत. तानपुऱ्याचा काही भाग ती गळ्याच्या बाजूला ठेवतात आणि आलापाचे विरत जाणारे शेवट खातात. स्वच्छ मुद्रण हाच खरा उपाय. जुन्या मुद्रणांवर काम करायचेच असेल, तर श्वासाच्या जागा हाताने खुणावून वगळायच्या.

बाकीचे बारकावे

स्वररेषेसाठी पायथनच्या लिब्रोसा संचातील पी-यिन ही पद्धत वापरली, दर १० मिलीसेकंदाला एक नोंद. काळी एकच्या पुरुष गायकांना ८० ते ५०० हर्ट्झ, काळी चारच्या गायिकांना (षड्ज २०७.७) १२० ते ७०० हर्ट्झ अशा मर्यादा. मर्यादा सैल ठेवल्या की सप्तकाच्या चुका वाढतात. खिडकी (एका वेळी तपासायचा आवाजाचा तुकडा) ९३ मिलीसेकंदांची ठेवली तर कणस्वर (निसटते लागणारे स्वर) पुसले जातात, म्हणून ४६. मिळालेली रेषा परत साध्या स्वरात वाजवून मूळ आवाजाशेजारी ऐकायची. आलेख बघून न कळणाऱ्या चुका कानाला लगेच खुपतात, आणि ज्याच्या हाताशी तालीम आहे त्याने हे हत्यार सोडू नये.

हर्ट्झचे सेंट (अर्धस्वराचा शंभरावा भाग) करण्याचे सूत्र: १२०० गुणिले, वारंवारता भागिले षड्ज यांचा दोन पायाचा लॉग. षड्ज १३८.६ असताना २३१ हर्ट्झचा धैवत ८८४ सेंटवर येतो. पेटीचा धैवत ९०० वर असतो. इथे षड्जाची किंमत चुकली की सगळी पट्टी सरकते: काळी एकमध्ये एका हर्ट्झची चूक म्हणजे सुमारे १२ सेंट, काळी चारमध्ये सुमारे ८. म्हणून 'काळी एक' असे लिहून भागत नाही. तानपुऱ्याच्या फाइलमधून प्रत्येक गायकाचा षड्ज एका दशांश स्थळापर्यंत मोजला.

षड्ज म्हणजे काय, हे ठरवायला सर्वांत जास्त वेळ लागला. निषादावरून ऋषभाकडे जाणारी मींड (स्वरांमधली अखंड सरक) षड्जावरून जातेच. नुसत्या नोंदी मोजल्या तर ती जाताना लागलेली धूळही षड्जात जमा होते. म्हणून ठहरावाची व्याख्या केली: षड्जापासून ३५ सेंटच्या आत, किमान २५० मिलीसेकंद सलग. हे आकडे आकाशातून पडलेले नाहीत आणि अंतिमही नाहीत. म्हणून तोच हिशेब २५ आणि ५० सेंटला, तसेच १५० आणि ४०० मिलीसेकंदांनाही केला आणि सगळे शेजारी शेजारी मांडले. निष्कर्ष व्याख्येबरोबर उलटत असेल तर तो गायनाबद्दल काही सांगत नाही, तो व्याख्येबद्दल सांगतो.

एकूण मुद्रणाचा पाचवा भाग, साधारण १९ मिनिटे, सॉनिक व्हिज्युअलायझर या आवाजावर खुणा करण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये हाताने खुणावला. नवख्याला एका मिनिटाच्या आलापाला २०-३० मिनिटे लागतात, म्हणजे सहा ते साडेनऊ तासांचे काम. तेच १९ मिनिटे दुसऱ्या गाणाऱ्या व्यक्तीने पहिल्याच्या खुणा न पाहता खुणावले आणि दोघांची सहमती कोहेनच्या कप्पाने (योगायोगाने जुळणारा भाग वगळून सहमती सांगणारा गुण) मोजली. दोन जाणकारांचेच जिथे जमत नाही, तिथे यंत्राला दोष देऊन उपयोग नाही.

सहा गायकांचा हिशेब

दहा मिलीसेकंदाला एक नोंद धरली तर ९६ मिनिटांच्या ५,७६,००० नोंदी होतात. त्यांवर चाचणी लावली की काहीही सिद्ध होते. फरक केसाएवढा असला तरी. पण शेजारच्या दोन नोंदी एकाच स्वराच्या, एकाच श्वासाच्या असतात. स्वतंत्र आहेत ते फक्त गायक. प्रत्येकाने दोन्ही राग गायले आहेत, म्हणून प्रत्येक गायकाचा मारवा त्याच्याच पूरियाशी ताडायचा. चार गायक असतील आणि चारही जणांत फरक एकाच दिशेला गेला, तरी योगायोगाने तसे होण्याची दुहेरी शक्यता १६ मध्ये २, म्हणजे ०.१२५. रूढ ०.०५ च्या उंबरठ्याखाली (तिथे गेले तरच फरक निव्वळ योगायोगाचा नाही असे धरतात) जाणे अशक्य. पाचांना ०.०६३. सहांना ६४ मध्ये २, म्हणजे ०.०३१. चाराचे सहा झाले ते एवढ्यासाठी. एक गायक उलट गेला तर सहाही पुरत नाहीत. तेव्हा तसे लिहायचे, आणि तो गायक कोणत्या परंपरेत शिकला याची दखल घ्यायची. तिथे पुढचा निबंध असू शकतो.

अर्जाची कागदपत्रे

दुसऱ्या वर्षी अर्जासोबत गेले ते असे: सहा पानांचा अहवाल, गिटहबवरचा कोड आणि झेनोडो या संशोधन-सामग्रीच्या खुल्या भांडारात ठेवलेल्या स्वररेषा. ध्वनी नाही, कारण दोन गायकांनी ती चौकट रिकामी ठेवली होती. कोड एका आज्ञेत चालतो आणि अहवालातला प्रत्येक आलेख पुन्हा काढून देतो. नुसत्या तानपुऱ्याच्या चाचणीचे उत्तर अहवालाच्या दुसऱ्या पानावर ठेवले.

प्राध्यापकांना पाठवायची मेल १५० ते २०० शब्दांची. 'बालपणापासून संगीताची आवड' या वाक्याने सुरू होणाऱ्या मेली त्यांच्याकडे रोज येतात. पहिल्या वाक्यात प्रश्न, दुसऱ्यात त्यांच्या कोणत्या निबंधातल्या कोणत्या उणिवेशी तो जोडलेला आहे, तिसऱ्यात काय केले, मग एकच दुवा, आणि शेवटी सरळ विचारणा: पुढच्या वर्षी जागा आहे का. शिफारसपत्र एक अभियांत्रिकीच्या प्राध्यापकांचे आणि एक गुरूंचे. गुरूंचे पत्र मराठीत घेऊन भाषांतर जोडले तर चालते का, हे त्या-त्या विद्यापीठाला आधीच विचारावे. पत्रात 'अत्यंत गुणी शिष्य' याऐवजी 'मारवा दोन वर्षे शिकला, विलंबितात स्वतः बढत करू शकतो' असे असेल तर वाचणाऱ्याला काहीतरी कळते. विशारद हा तालमीचा पुरावा म्हणून मांडायचा. परदेशी विद्यापीठाने त्याला पदवी धरावे ही अपेक्षा ठेवू नये.

दारे कोणती

भारतात राहून करायचे तर या अर्जदाराला सर्वांत जवळचे दार प्रकल्प सहायकाचे. प्रयोगशाळेला अनुदानित प्रकल्प मिळाला की अशा जागांची जाहिरात निघते, अर्जाची मुदत सहसा आठवड्यांत मोजावी लागते आणि पगार सॉफ्टवेअर नोकरीच्या तुलनेत खिशाला लागतो. पण वर्षभरात निबंध, शिफारस आणि पीएचडीचा मार्गदर्शक असे तिन्ही हाताशी येऊ शकतात. आमच्या मते बहुतेकांनी परदेशी अर्जाआधी हे करावे. आयआयटीतल्या एमटेकला गेट या प्रवेशपरीक्षेचे गुण लागतात, ते तीन वर्षे चालतात. दरमहा १२,४०० रुपये विद्यावेतन. पीएचडीला पहिली दोन वर्षे ३७,००० आणि पुढे ४२,०००.

पोम्पेउ फाब्राचा 'साउंड अँड म्युझिक कम्प्युटिंग' हा अभ्यासक्रम एका वर्षाचा, ६० युरोपीय श्रेयांकांचा (ईसीटीएस), प्रबंधासह. हिशेब बसतो: चार वर्षांची पदवी २४० धरली तर एकूण ३००, आणि स्पेनमध्ये पीएचडीला साधारणपणे तेवढे लागतात. लंडनच्या क्वीन मेरी विद्यापीठात 'सेंटर फॉर डिजिटल म्युझिक' आहे. तिथे एमएस्सीही आहे आणि पीएचडीही. अटलांटातील जॉर्जिया टेकचा एमएस दोन वर्षांचा. मॉन्ट्रियलचे मॅकगिल, पॅरिसच्या इरकाम या संगीत-संशोधन संस्थेशी जोडलेला 'आतियाम' अभ्यासक्रम, एर्लांगेनची ऑडिओ लॅबोरेटरीज ही आणखी काही ठिकाणे. नाव बघून यादी करू नये. जिथे गळ्याच्या स्वररेषेवर गेल्या तीन वर्षांत निबंध निघाले आहेत, तिथेच अर्ज. वाद्यांची निर्मिती करणाऱ्या प्रयोगशाळेला मारव्याचा षड्ज पाठवून उपयोग नाही.

अमेरिकेच्या मुदती बहुधा डिसेंबर-जानेवारीत संपतात. जे. एन. टाटा एंडोमेंट, १८९२ पासूनची, ही कर्जशिष्यवृत्ती आहे, देणगी नव्हे. परतफेड हिशेबात धरा. अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी राज्य शासनाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे. तिला विद्यापीठाच्या जागतिक क्रमवारीची अट असते, आणि संगीत-संगणनात नावाजलेले विद्यापीठ एकूण क्रमवारीत मागे असू शकते. आधी अट वाचावी, मग विद्यापीठ निवडावे.

संगीतात एमए आणि कोड शून्य असलेल्याचे गणित वेगळे. त्याने यूजीसी-नेटचा संगीत विषय द्यावा: पहिला पेपर १०० गुणांचा, दुसरा २०० चा, दोन्ही मिळून तीन तास, एमएला ५५ टक्के, राखीव प्रवर्गांना ५०. जेआरएफ (कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्ती) मिळाली की दरमहा ३७,००० रुपये आणि विषय निवडण्याची बऱ्यापैकी मोकळीक. संगीत विभागात नोंदणी आणि सहमार्गदर्शक अभियांत्रिकीचा, अशी जोडी जमवता येते. मात्र नोंदणीआधी ती विद्यापीठाच्या नियमात बसते का हे लेखी घ्यावे, नंतर नव्हे. वय २५ ते ४० असेल तर संस्कृती मंत्रालयाची कनिष्ठ अधिछात्रवृत्ती आहे, दरमहा १०,००० रुपये, दोन वर्षे. अशा अर्जदाराने जाळी शिकवण्याच्या मागे लागू नये. प्राट (आवाजाचे विश्लेषण करणारे सॉफ्टवेअर) आणि सॉनिक व्हिज्युअलायझर एवढ्यावर चांगला प्रबंध होतो. श्वासाची जागा, कणाचे वजन, ठहराव कुठे संपतो हे ठरवणे यंत्राला जमत नाही, ते काम त्याचेच आहे.

संगीत शिक्षणाच्या बाजूने जायचे असेल तर याच सामग्रीतून वेगळा प्रश्न निघतो. विद्यार्थ्याला स्वररेषा दाखवून शिकवले तर त्याचा षड्ज लवकर स्थिरावतो, की तो कानाऐवजी डोळ्याने गायला लागतो? त्यासाठी पडदा बंद केल्यावर, आठवड्यांनंतर, पुन्हा मोजावे लागते. नेमका हाच भाग बहुतेक प्रस्तावांत गाळलेला असतो.

दुसरी फेरी

या वेळी अर्ज तीनच ठिकाणी. मुलाखतीत ९६ टक्क्यांसारखा आकडा नव्हता, म्हणून बोलणे वेगळ्या वाटेने गेले. सहापैकी कोणत्या गायकाचे मुद्रण सर्वांत कमी विश्वासाचे आणि का, असे समितीने विचारले. अर्जदाराकडे उत्तर होते: चौथा. हेडफोन सैल बसल्याने झिरपलेला तानपुरा फक्त २८ डेसिबल खाली होता. त्याची चारही मुद्रणे वगळून केलेला हिशेब परिशिष्टात होता, आणि पाच गायकांवर ०.०६३ च्या खाली जाता येत नाही, हेही तिथेच लिहिले होते.

एका प्रयोगशाळेत प्रकल्प सहायक म्हणून वर्षभराची जागा मिळाली. पहिल्या महिन्यात काम आले ते दुसऱ्या कोणीतरी केलेल्या मुद्रणांत श्वासाच्या जागा हाताने खुणावण्याचे.